मिठागरांच्या गावातील सलाईन

खाडीकाठच्या एका गावात मिठागरे होती आणि गावाला आपल्या मिठाचा मोठा अभिमान होता. शपथ मिठाची, आहेर मिठाचा. तेथील रुग्णालयात हरेश्वर वैती नावाचे वृद्ध भूलतज्ज्ञ होते. तेही याच गावचे. कोणत्याही शस्त्रक्रियेत ते रुग्णाच्या शिरेतून एकच द्रव देत: मिठाचे पाणी, म्हणजे साधे सलाईन. दुसऱ्या बाटलीला त्यांनी कधी हात लावला नाही.

एके दिवशी गोमाजी नावाच्या मिठागर कामगाराचे आतडे फुटले. त्याची पत्नी बामीबाई दारात उभी राहून म्हणाली, "डाक्टरदादा, यांना आपल्या मिठाचीच बाटली लावा, हां!"

"दुसरी लावली, तर गाव मला वाळीत टाकील, बामीबाई," वैती हसून म्हणाले.

शस्त्रक्रिया लांबली. पोटात पू साचला होता आणि शरीरातील पाणी आटले होते. वैतींनी बाटलीमागून बाटली लावली. रक्तदाब सावरला, परंतु तपासणीत रक्तातील आम्ल वाढलेले आढळले.

"द्रव कमी पडत असेल," असे म्हणून वैतींनी आणखी एक बाटली लावली. आम्ल आणखी वाढले.

शल्यचिकित्सक मृणाल ठाकूर या त्यांच्याच विद्यार्थिनी. हातातले काम न थांबवता त्यांनी विचारले, "सर, रक्तदाब ठीक आहे. लघवीही होते आहे, म्हणजे द्रव कमी नाही. मग हे आम्ल येते कोठून? क्लोराइड किती आहे?"

वैतींनी आकडा पाहिला. तो फार वाढला होता. मिठाच्या पाण्यात रक्तातल्यापेक्षा क्लोराइड अधिक असते. थोडे दिले, तर शरीर ते बाहेर टाकते. भरमसाट दिले, तर रक्त आम्लधर्मी होते. हे त्यांनीच मृणालला शिकवले होते. असेच चालू राहिले असते, तर गोमाजीचे मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही संकटात आले असते.

आजाराला दोष देणे सोपे होते. आतडे फुटलेल्या माणसाचे रक्त बिघडले, तर कोण प्रश्न विचारणार? पण वैतींनी स्वतःच्या हाताने बाटली उतरवली.

"हा दोष आजाराचा नाही, मृणाल. माझा आहे. रिंगर लॅक्टेट लावतो."

त्या द्रवातील क्षार रक्तातील क्षारांशी बरेच जुळतात. हळूहळू आम्ल उतरू लागले आणि शस्त्रक्रिया पार पडली.

बाहेर येऊन वैतींनी बामीबाईला सारे सांगितले. ती गोंधळली. "म्हंजे आपल्या मिठानं घात केला?"

"मिठाने नव्हे. रक्ताकडे न पाहता ते देत राहिलो, त्या माझ्या हाताने."

"आता गावाला काय सांगू?"

"घडले तेच सांगा."

बामीबाई पदराने डोळे टिपून म्हणाली, "जीव वाचवलात. तेवढं आधी सांगीन."

काही दिवसांनी गोमाजीला पेज देण्याची परवानगी मिळाली. वाटी हातात घेऊन बामीबाईने वैतींकडे पाहिले.

"दादा, मीठ घालू?"

"घाला," वैती म्हणाले, "पण आधी त्यांना चव विचारा."

तात्पर्य: जे आपल्याला प्रिय, ते प्रत्येकाला पथ्यकर असतेच असे नाही; देणाऱ्याने आपल्या सवयीकडे नव्हे, तर घेणाऱ्याच्या गरजेकडे पाहावे आणि चूक दिसताच हात आवरावा.