थांबल्यानंतरची थाप

“आवाज हाच राहील ना, बाबा? एवढंच सांगा.”

मुकुंद तारळकर तिसऱ्यांदा विचारत होता.  बोंगोची जोडी मांडीवर घेऊन दस्तगीरबाबा लाकडाचा वास घेत होते.

“फणस,” ते म्हणाले. “तेल कसलं लावतोस?”

“जवसाचं. दर महिन्याला. ऊन लागू देत नाही, प्रवासात दुलईत गुंडाळून नेतो. पोटच्या पोरीला जपलं नाही एवढं जपलंय.”

“दिसतंय.”

बाबा फकीर माणूस. दर्ग्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे आणि ढोलकी, डफ, बोंगो, जे फाटेल ते मढवून द्यायचे. माझा डफ तिथं सावलीत वाळत होता आणि मी तो घ्यायला आलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

मुकुंदला मी चेहऱ्यानं ओळखत होतो. आमच्या जिल्ह्यात कोण ओळखत नाही? ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवायचा, आणि त्याचं नाव झालं होतं ते एका थापेवर. वादन संपायचं, मुकुंद दोन्ही हात हवेत उचलायचा, सगळं शांत व्हायचं… आणि मग धाकट्या बोंगोतून एक थाप यायची. हात वरच असायचे. लोक खुळे व्हायचे. कसं करतोस म्हणून विचारलं की गालातल्या गालात हसून म्हणायचा, साधना.

आता त्या धाकट्याचंच कातडं विरत आलं होतं, आणि दहा दिवसांवर पुण्याचा मोठा कार्यक्रम होता. जाहिरातीत मुकुंदच्या फोटोखाली त्या थापेचाच उल्लेख होता.

“नवं कातडं चढवा, पण ती थाप राहिली पाहिजे. ती गेली तर मला कुत्रं विचारणार नाही.”

“ती थाप तूच मारतोस न्हवं?”

“म्हणजे काय! बारा वर्षांची साधना आहे.”

“मग कातड्याबरुबर जाईल कशी?”

मुकुंदनं रुमाल काढून मान पुसली.

बाबांनी पक्कड घेतली. पितळी खिळे एकेक करून उपसले आणि वाटीत टाकले. नट-बोल्टची भानगड नव्हती, सगळं हातकाम. शेवटचा खिळा निघाला तसं कातडं सैल पडलं.

बाबांनी ते उजेडाकडं धरलं. मग त्यावरून बोट फिरवलं, आणि त्यांचं बोट थांबलं.

“वरनं तर कोरं हाय रं.”

“असं कसं? रोज दोन तास…”

“बघ की.”

खरंच, वरचा भाग जवळजवळ जसाच्या तसा होता. बाबांनी कातडं उलटं केलं.

आतली बाजू झिजली होती. मधोमध कातडं पापडाएवढं पातळ झालं होतं, आणि तिथं चार बोटांचे चार खळगे होते. शेजारीशेजारी. मधलं एक बोट एका पेरानं आखूड.

भर दुपारची वेळ, पत्रा तापलेला, तरी मी सरकून दारातल्या उन्हात बसलो.

“खालून… खालून कुणीतरी हात घातला असेल,” मुकुंद म्हणाला.

“घाल बरं तू.”

मुकुंदनं बोंगो उलटा केला. खालचं तोंड अरुंद होतं. त्यानं हात घातला, तो बोटांच्या मुळाशीच अडकला. जोर केला, कातडी सोलली, हात काही आत गेला नाही.

“हे खोड कुणी कोरलं?” बाबांनी विचारलं.

“दामूमास्तरांनी. माझे गुरू.”

“दामूचं मधलं बोट करवतीखाली गेलं हुतं.”

 मुकुंदनं हात काढून घेतला आणि मागं सरकून भिंतीला टेकला.

“पयली थाप कुणी मारली यावर?”

हे मात्र मलाही ठाऊक होतं. मढवणाऱ्यांत रीत आहे. वाद्य तयार झालं की पहिली थाप घडवणाऱ्याची. त्यानं हात लावल्याशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही, मग ते गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

“बाबा, मी तेव्हा पंचविशीत होतो…”

“कुणी मारली?”

“मी.”

मग त्याला राहवेना. सगळं भडाभडा सांगून टाकलं. मास्तर तापानं फणफणले होते. आठ महिने खपून बोंगो केला होता, तो उशाशी ठेवलेला. उठता येईना, म्हणाले, उद्या बसतं कर मला, थाप मारतो, मग ने. मुकुंदचा त्याच संध्याकाळी पहिला मोठा कार्यक्रम होता. मास्तरांचा डोळा लागल्यावर त्यानं बोंगो उचलला. परत आला तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

“त्या दिवशी मी वादन संपवलं, हात उचलले… आणि ती थाप आली,” तो म्हणाला. “लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला.”

“आणि बारा वर्सं वाकतोयस.”

मुकुंद लहान पोरासारखा रडायला लागला. मला त्याची कीव आली आणि थोडा रागही आला. बाबांनी त्याला रडू दिलं आणि तेवढ्या वेळात बकऱ्याचं एक कातडं घमेल्यात भिजत टाकलं.

“चार दिसांनी ये,” ते म्हणाले.

चौथ्या दिवशी माझं तिथं काही काम नव्हतं. तरी गेलो. न जाता झोप लागली नसती.

मुकुंद आधीच येऊन बसला होता. दाढी वाढलेली. बाबांनी बोंगो पुढ्यात ठेवला. मुकुंदनं कातड्यावर तळवा टेकला आणि झटकन उचलला.

“बाबा, हे उलटं मढवलंय! खरखरीत बाजू वर आलीय.”

“व्हय.”

“गुळगुळीत बाजू आत गेली की!”

“वाजवणाऱ्याच्या हाताला गुळगुळीत बाजू लागावी. रीतच हाय.”

मुकुंदचा हात हवेत तसाच राहिला. मग सवयीनं म्हणा की घाबरून म्हणा, तो खाली यायला लागला. बाबांनी त्याचं मनगट पकडलं.

“थांब. तुझी पाळी न्हाई.”

आम्ही तिघं बसून राहिलो.

बाहेर एक शेळी ओरडत होती, ती गप्प झाली… कुणीतरी हापशावर पाणी भरत होतं, तेही थांबलं. बोंगो जमिनीवर होता. बाबांच्या एका हातात मुकुंदचं मनगट आणि दुसरा हात स्वतःच्या गुडघ्यावर. माझे दोन्ही हात मी काखेत धरले होते, मला चांगलं आठवतंय.

थाप आली.

एकच. मोकळी, भरदार, घाई नसलेली. वाटीतले जुने खिळे किणकिणले.

बाबांनी मनगट सोडलं. “झाली त्याची,” ते हळू म्हणाले. “आता तू.”

मुकुंदला बोंगो गुडघ्यांत नीट धरवेना. दोनदा घसरला. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि सुरुवात केली. त्या खरखरीत कातड्यावर त्याची बोटं अडखळत होती. नेहमीची सफाई नव्हती, चकचकीत असं काही नव्हतं, एकदा तर लय सांडली आणि त्यानं ती धडपडत उचलली. पण त्या माणसाला मी बऱ्याचदा ऐकलं होतं आणि असं कधी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

त्यानं वादन संपवलं. हात उचलले.

आम्ही वाट पाहिली…

अजून थोडी पाहिली…

मुकुंदनं खाली वाकून बोंगोला कान लावला. मग मान वर केली. 

“बाबा, नाही आली.”

बाबा पक्कड पुसत होते.

“आता पुण्यात मी काय करू? लोक त्याच थापेसाठी येणार…” तो बोलता बोलता अडला, आणि पुढचं त्यानं अगदी हलक्या आवाजात विचारलं. “मास्तर गेले का, बाबा?”

बाबांनी पक्कड खाली ठेवली. बोंगोच्या काळ्याभोर खालच्या तोंडाकडं पाहून मान लववली, कुणी वडीलधारं बसलेलं असावं तशी.

“जातोय कुठं… इतकी वर्सं त्यो वाजवत हुता. आज ऐकाय बसलाय. नीट वाजव.”