सतरा पानांची वेल

एका राज्यात झाडे घरात आणीत नसत. झाडे बाहेर, माणसे आत, हा तिथला जुना रिवाज. तो मोडला वज्रकेतू राजाने, आणि मोडला तोही चोरी करून.

शिकारीला गेला असता दाट अरण्यात, जिथे भर दुपारीही ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, तिथे राजाने एक वेल पाहिली. मनगटाएवढे खोड, सुपाएवढी पाने, कडांना चिरलेली, आणि प्रत्येक पान अर्धे हिरवे नि अर्धे पांढरेशुभ्र. वेल तमालक नावाच्या मांत्रिकाची होती. राजाने त्याला विचारले नाही. राजे विचारत नाहीत. वेल मुळासकट उपटली, पालखीत घातली आणि दरबारात सिंहासनाच्या उजव्या हाताला सोन्याच्या कुंडीत लावली. कुंडीला बुडाशी भोक नव्हते. राजाच्या सोन्याला भोक पाडणे हा त्या राज्यात गुन्हा होता.

तिसऱ्या दिवशी तमालक दरबारात आला.

"राजा, वेल नेलीस?"

"नेली."

"परत देशील?"

"घेतलेले परत देण्याची आमच्या कुळाची रीत नाही."

"बरे," मांत्रिक म्हणाला. "या वेलीला सतरा पाने आहेत आणि तुझ्या कन्येला सतरा वर्षे. सर्वांत खालचे पान तिचे पहिले वर्ष, शेंड्याचे पान सतरावे. पान गेले की ते वर्ष तिच्या मनातून गेले. सगळी गेली की ती गेली. तुझ्या छताखाली या वेलीने दोन्ही रंगांचे नवे पान उघडले, तर कन्या जागी होईल आणि माझा शाप संपेल."

एवढे बोलून तो धूर होऊन झरोक्यातून निघून गेला. मागे त्याची साळुंकी तेवढी राहिली. ती झरोक्यात बसे, माणसासारखी बोले आणि विचारल्याशिवाय तोंड उघडत नसे. त्याच घटकेला अंतःपुरात राजकन्या इंदुलेखा केस विंचरता विंचरता निजली, ती निजलीच.

पहिले पान आठ दिवसांत गळले. कुणाला काही जाणवले नाही. आयुष्याचे पहिले वर्ष आठवते कुणाला? पण दुसरे पान पिवळे पडले तशी राजाची पाचावर धारण बसली. त्याने रथ जुंपायला सांगितला आणि सीमेवरच्या खेड्यातून कमळजा दाईला बोलावणे धाडले. जिने मुलगी वाढवली तीच वेल वाढवील, असे त्याच्या मनाने घेतले.

ही कमळजा कोण, ते सांगतो. इंदुलेखेची आई बाळंतपणातच गेली. कमळजेने मुलीला अंगावर पाजले, हाताला धरून चालवले, पंधरा वर्षे कुशीत घेऊन निजवले. मुलगी तिला माई म्हणे. पण त्या राजवाड्यात आणखी एक रिवाज होता. राजकन्येला पंधरा वर्षे पुरी झाली की दाईला लुगडे-नारळ देऊन सीमेपाशी नेऊन सोडायचे आणि पुन्हा वाड्यात तिचे नाव कुणी घ्यायचे नाही. उद्याच्या राणीला 'अगं' म्हणणारे माणूस घरात नको, म्हणून. निघताना इंदुलेखेने तिचा पदर धरून ठेवला होता. तो तिच्या मुठीतून दोन दासींनी सोडवला. त्यानंतरची दोन वर्षे कमळजेने खेड्यात शेण थापत काढली आणि रोज त्या पदराचे टोक हातात घेऊन बघितले.

ती आली, राजकन्येच्या उशाशी बसली आणि तिच्या काळजाचे पाणी झाले. कारण मुलगी झोपेत बोलत होती. "माई, केस ओढू नकोस," म्हणत होती. "माई, पाणी दे," म्हणत होती. दोन वर्षे वाड्यात जे नाव निघाले नव्हते, ते मुलगी झोपेत घेत होती. पोरगी विसरली नाही, एवढ्यानेच कमळजेला दहा हत्तींचे बळ आले. ती उठली, तांब्या भरला आणि वेलीला पाणी घातले. मुलगी पाणी मागते आहे, म्हणजे वेल पाणी मागते आहे, असे तिला वाटले. दुसऱ्या कुणालाही असेच वाटले असते.

मग ती झरोक्याकडे वळली. "साळुंके, ही वेल का वाळते आहे?"

"अरण्यात ऊन गाळून येते," साळुंकी म्हणाली. "इथे सकाळी झरोक्यातून भाजते आणि दुपारनंतर अंधार. उत्तरेच्या डोंगरात कोळ्यांची राणी आहे. ऊन गाळणारा पडदा तीच विणते."

कमळजा उत्तरेला गेली. कोळ्यांची राणी आठ हातांनी विणत बसली होती. पडद्याच्या बदल्यात तिने धाग्यासाठी कमळजेचे केस मागितले. गुडघ्यापर्यंतचे केस होते, तिने ते दिले. बोडक्या डोक्याने पडदा घेऊन ती परत आली तेव्हा पाच पाने गळली होती. पडदा लावला. दरबारात हिरवट, मऊ उजेड पसरला. सहावे पान तरीही पिवळे पडले.

"साळुंके, अजून काय उणे आहे?"

"अरण्यातली हवा ओली असते. तुमच्या दरबारात धुपाची राख उडते. पश्चिमेच्या धबधब्याखाली यक्षिणी राहते. तिच्याकडून धुक्याची कुपी आण."

यक्षिणीने तिचा गळा मागितला, गाणारा गळा. कमळजेने तो दिला आणि घोगऱ्या आवाजाने धुके घेऊन आली. कुपी उघडताच वेलीभोवती दव जमले. पण तोवर आठ पाने गेली होती आणि दव जमूनही नववे गळले. राजकन्या झोपेत आता लंगडीच्या खेळाचे बोलत नव्हती, बाहुलीचे नाव घेत नव्हती. माई मात्र अजून म्हणत होती.

"साळुंके, अजून?"

"चिखलात ही वेल श्वास घेत नाही. तिला झाडांची साल हवी, नारळाचा काथ्या हवा, कोळसा हवा. दक्षिणेला जळालेले वन आहे. तिथला नाग राखण करतो."

नागाने तिचा डावा डोळा घेतला. कमळजा पाठीवर पोते घेऊन आली, तर राजज्योतिषी आडवा झाला. वेल कुंडीतून काढायला वर्षभर मुहूर्त नाही म्हणे. म्हणून ती साल, तो काथ्या, तो कोळसा वरच्या वर पसरला. पंडित लोक मुहूर्तावर अडतात, वेली अडत नाहीत. अकरावे पान त्याच संध्याकाळी गळले.

तीन कामे झाली होती. केस गेले, गळा गेला, डोळा गेला, आणि वेलीवर सहा पाने उरली होती. कमळजा दरबाराच्या फरशीवर बसली आणि तिला प्रथमच वाटले की आपल्याच्याने हे होणार नाही. आपण मुलगी वाढवली ती नशिबाने वाढली असेल, आपल्या हाताला गुण नव्हताच, असे तिच्या मनात आले. ती तशीच उठली, तांब्या भरला आणि वेलीला पाणी घातले. तिच्यामागून सेनापतीने घातले. त्याच्यामागून प्रधानाने. राजकन्येच्या आयुष्यासाठी दरबारात येणाऱ्या प्रत्येकाने वेलीला एक तांब्या वाहावा, असा नवा रिवाज पडला होता आणि राजा स्वतः त्रिकाळ वाहत होता.

"साळुंके," कमळजा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तू सांगितलेस ते सगळे केले. तरी वेल मरते आहे. आमचे काय करायचे राहिले?"

"राहिले काही नाही," साळुंकी म्हणाली. "जास्त होते आहे. तुम्ही तिला बुडवता आहात."

कमळजेने काथ्या बाजूला सारला आणि हात कोपरापर्यंत कुंडीत घातला. खाली माती नव्हती, गार चिखल होता. हात बाहेर आला तो काळा आणि त्याला कुजल्याचा वास. मुठीत मुळे होती, ती शिजलेल्या शेवयांप्रमाणे बोटांतून निसटली. तिला सगळे कळले. पहिला तांब्या तिने घातला होता. तिचे पाहूनच पुढचे सगळे तांबे पडले होते. पाणी दे म्हटले की पाणी द्यायचे, एवढीच माया तिला येत होती आणि त्या मायेने तिने लेकीची वर्षामागून वर्षे कुजवली. ती हंबरडा फोडायला गेली, पण गळा यक्षिणीकडे होता. नुसता घोगरा वारा निघाला.

"कुंडी फोडा," ती म्हणाली.

"राजाचे सोने आहे," प्रधान म्हणाला.

राजाने प्रधानाकडे पाहिले नाही. भिंतीवरची गदा उतरवली आणि घातली कुंडीवर. चार घाव घालावे लागले. दरबारभर काळे पाणी पसरले, मानकऱ्यांचे जोडे भिजले, आणि वेल फरशीवर आडवी पडली. तिचे एकही मूळ पांढरे नव्हते.

"आता?" राजाने विचारले.

"कूज खालून वर चढते," साळुंकी म्हणाली. "खोड कापत वर जा. काप आतून स्वच्छ दिसेल तिथे थांब. वरचा तुकडा जगला तर जगला."

कमळजेने सुरी विस्तवावर धरली आणि बाराव्या पानाखाली कापले. आत तपकिरी. ते पान आणि ते वर्ष गेले. "त्या वर्षी मी तिला घोड्यावर बसायला शिकवले होते," राजा हळूच म्हणाला. तेराव्याखाली कापले, तपकिरी. चौदाव्याखाली, तपकिरी. मग तिने पंधराव्याखाली कापले.

काप पांढरा होता. हिरवट, रसदार, पांढरा. फक्त मधोमध तिळाएवढा एक डाग.

कमळजा त्या डागाकडे बघत राहिली. पंधरावे पान वेलीवरचे सर्वांत देखणे होते, बरोबर मधून अर्धे हिरवे आणि अर्धे पांढरे. त्यात ती स्वतः होती. खालच्या चौदा पानांतली ती गेली होती. आता एवढीच उरली होती. सोळावे आणि सतरावे पान त्या दोन वर्षांचे, ज्यांत वाड्यात तिचे नाव कुणी घेतले नव्हते. आत अंतःपुरातून झोपेतला आवाज आला, "माई, जाऊ नकोस."

"तीळच आहे," राजा म्हणाला. त्यालाही ते ऐकू आले होते. "राहू दे, कमळजे. एवढे वर्ष राहू दे."

"साळुंके, हा डाग वाढेल का?"

"वाढेल."

कमळजेला वाटले, न विचारते तर बरे झाले असते. तिने सुरी पुन्हा विस्तवावर धरली, जितका वेळ धरायला हवी त्याहून जास्त वेळ धरली. मग सोळाव्या पानाखाली, पेराच्या जरा खाली, एका घावात कापले. काप पांढराशुभ्र निघाला. अंतःपुरातला आवाज थांबला.

दोन पानांचा तो तुकडा तिने मातीच्या सुगडात, चार बोटे पाण्यात उभा केला. पडद्यामागे ठेवला. पाणी दर चौथ्या दिवशी बदलायचे, त्याखेरीज हात लावायचा नाही. हे सर्वांत अवघड होते. केस देणे सोपे होते. इंदुलेखा पांढरीफटक पडली होती, कधी "तात, तो हत्ती पाहा" म्हणे, कधी दिवसदिवस काही म्हणत नसे, आणि कमळजेने हात मांडीखाली दाबून बसायचे. महिना गेला, काही झाले नाही. दुसरा गेला. सोळाव्या पानाची कड करपली आणि राजाने तोंड फिरवले. कमळजेला आशा नव्हती. ती बसत होती, कारण उठून जायला तिला दुसरी जागा नव्हती.

तिसऱ्या महिन्यात पेरापाशी तांदळाच्या कणीएवढे पांढरे मूळ फुटले. मग दुसरे, तिसरे. तिने बुडाला भोक असलेली साधी मातीची कुंडी मागवली, साल-काथ्या-कोळसा घातला, तुकडा लावला. बोट दोन पेरे आत घालून बघे. ओले लागले की निमूट परत जाई. तांब्या घेऊन आलेल्या प्रधानाला तिने दारातूनच हाकलले. मग एका सकाळी शेंड्याला गुंडाळलेली सुरळी दिसली. ती नऊ दिवस उलगडत होती. दहाव्या दिवशी नवे पान उघडले, अर्धे हिरवे नि अर्धे पांढरे, आणि धूर होऊन गेलेला तमालक धुरातून पुन्हा दरबारात उभा राहिला.

राजा सिंहासनावरून उतरला. त्याने मातीची कुंडी दोन्ही हातांनी उचलून मांत्रिकापुढे धरली. "चुकलो. घेऊन जा."

"आता ती अरण्यात जगणार नाही," तमालक म्हणाला. "घरची झाली. सांभाळा." त्याने साळुंकी खांद्यावर घेतली आणि या खेपेस दारातून, चालत गेला. त्या दिवसापासून त्या राज्यात कुंड्यांना भोके पाडू लागले, सोन्याच्या असल्या तरी. दाईला सीमेवर नेऊन सोडण्याचा रिवाज राजाने त्याच दरबारात मोडला. ज्योतिष्याला मुहूर्त विचारला नाही.

अंतःपुरात इंदुलेखा उठून बसली होती. गालांवर रंग आला होता, भूक लागली होती. राजाला तिने ओळखले. हत्तीचे विचारले. मग दाराशी उभ्या असलेल्या बाईकडे तिचे लक्ष गेले. बोडके डोके, एक डोळा, नखांत कोळसा. ती जरा सावरून बसली.

"आपण कोण?"

राजाने तोंड उघडले, पण कमळजेने मानेनेच त्याला थांबवले. मुलीच्या मुठीत पदर नव्हता आणि कधी होता हेही तिला ठाऊक नव्हते. तिला आत्ताच रडवायचे कशाला?

"मी वेल सांभाळते, राजकन्ये," ती म्हणाली.

"मग उभ्या का? बसा ना," इंदुलेखा म्हणाली आणि आदराने बाजूला सरकली.

कमळजेने तिला बसायला शिकवले होते, उशीला टेकवून, वयाच्या सहाव्या महिन्यात. ती पलंगाच्या कडेला पाहुण्यासारखी बसली.