पोहऱ्यातली साखर

एकदा एका वृद्ध अभियंत्याने, सगळे मनासारखे जुळून आलेले असताना, बस चालवणाऱ्या माणसाला खोलीत बोलावले आणि संगणकावरचे एक बटण दाबायला सांगितले. त्या बटणासरशी त्यांच्या शिष्येची बारा दिवसांची मेहनत चाळीस सेकंदांत नाहीशी झाली. म्हातारबुवा शांतपणे शेंगा सोलत बसले. शिष्येला त्या दुपारी हा माणूस दुष्ट वाटला, आणि तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी आपल्यालाही तसेच वाटले असते.

शिष्येचे नाव शलाका. विजेवर चालणाऱ्या बसगाड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ती ब्रेकच्या सॉफ्टवेअरचे काम करी. वृद्ध अभियंत्याला सगळे नुसते ‘सर’ म्हणत. त्यांचे पूर्ण नाव बहुधा हजेरीपत्रकालाच ठाऊक होते. निवृत्त होऊन सात वर्षे झाली तरी कारखान्याने त्यांना सोडले नव्हते. त्यांच्या सहीशिवाय कोणतीही नवी बस चाचणीच्या रस्त्यावर उतरत नसे.

या कारखान्यात सॉफ्टवेअर कोणी लिहीत नसे, ते काढले जाई. म्हणजे पडद्यावर चौकटी आणि बाण यांची एक भली मोठी आकृती काढायची. पेडल दाबले की कोणती चौकट जागी होईल, ती पुढे कोणाला निरोप देईल, किती वेळात देईल, हे सगळे त्या आकृतीत. तिला मॉडेल म्हणत. मग एक बटण दाबायचे, की संगणक त्या मॉडेलवरून हजारो ओळींचा कोड आपणहून लिहून देई, आणि तो कोड बसमधल्या ब्रेकच्या पेटीत भरला जाई. अशा प्रत्येक कोडच्या माथ्यावर संगणक न चुकता एक सूचना छापी: ही फाइल यंत्राने तयार केली आहे, हिच्यात हाताने बदल करू नये. शलाकाने ती सूचना इतक्या वेळा पाहिली होती की आता ती तिला दिसतच नसे. रोजच्या वाटेवरच्या पाट्यांचे असेच होते.

विजेच्या बसला ब्रेक दोन असतात. आधी मोटारच चाकांना आवरते आणि तेवढी वीज बॅटरीत परत भरते. तिची ताकद अपुरी पडली की हवेचा ब्रेक मदतीला धावतो. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर मोटारीला आवरता येत नाही आणि सगळा भार हवेच्या ब्रेकवर पडतो. नव्या बसची गडबड नेमकी इथे होती. हवेचा ब्रेक मोटारीची ताजी स्थिती विचारण्याआधीच निर्णय घेऊन मोकळा होई, म्हणजे शिळ्या बातमीवर. ताजी बातमी पोहोचेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग निघून जाई. आपल्या आयुष्यात सेकंदाचा दहावा भाग कोणी मोजत नाही. ताशी साठच्या वेगाने धावणारी बस मात्र तेवढ्यात दीड मीटरहून अधिक पुढे जाते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला दीड मीटर म्हणजे काय, हे सांगायला अभियंता लागत नाही. म्हणून या विद्येत उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही. उशिरा आलेले बरोबर उत्तर चुकीच्याच खात्यात जाते.

ही चूक शलाकाने शोधली. बारा दिवस ती त्या हजारो ओळींमध्ये तांदूळ निवडावेत तशी बसली होती. शेवटी दोन ओळी सापडल्या. त्यांचा क्रम उलटा हवा होता: आधी विचारा, मग ठरवा. एवढेच. आनंदाच्या भरात तिने कोडमधल्या त्या दोन ओळींची अदलाबदल केली. मॉडेलमध्ये ती दुरुस्ती करायची तर पुन्हा सगळ्या आकृतीची तपासणी, पुन्हा साडेतीनशे चाचण्या, पुन्हा सह्या, म्हणजे किमान आठ दिवस. आणि रस्त्यावरची चाचणी शुक्रवारी होती. आज बुधवार होता. शिवाय या चाचणीच्या कागदावर प्रथमच तिचे नाव प्रमुख म्हणून छापले जायचे होते. मॉडेलचे नंतर बघू, असे तिने मनाशी म्हटले. ‘नंतर’ हा शब्द फार सोयीचा आहे, तो कोणालाच नाही म्हणत नाही.

चाचणीच्या खोलीत एका टेबलावर सगळी बस मांडून ठेवलेली असे. ब्रेकची पेटी खरी, तारा खऱ्या, जमिनीवर लाकडी फळीला ठोकलेले पेडलही खरे. फक्त रस्ता, उतार आणि वजन हे सगळे संगणक सोंग घेऊन पुरवी. पेडल दाबायला नामदेव कोंडे यांना बोलावत. ते कारखान्याचे जुने चाचणी-चालक. शुक्रवारी ओल्या उतारावर, वाळूच्या गोण्या भरलेली खरी बस तेच चालवणार होते, म्हणून त्यांच्या पायाला अंदाज यावा हा हेतू.

नामदेवरावांनी पेडल दाबले. पडद्यावरची बस पांढऱ्या रेषेच्या अलीकडे थांबली. पुन्हा दाबले, पुन्हा थांबली. पाच वेळा तसेच झाले. व्यवस्थापकांनी पेढे मागवले आणि सहीचा कागद सरांपुढे ठेवला. सरांनी शलाकाला विचारले की चूक नेमकी कुठे होती आणि ती कशी काढली. तिने ते रंगवून सांगितले, जरा अभिमानानेच. सरांनी मान डोलावली, दोन शेंगा सोलल्या, आणि नामदेवरावांना जवळ बोलावून संगणकावरचे ते बटण दाखवले.

“नामदेवराव, हे दाबा बरं.”

नामदेवरावांनी शलाकाकडे पाहिले. ती काही बोलायच्या आत त्यांनी बटण दाबलेही, कारण सरांचा शब्द. संगणकाने मॉडेलवरून सगळा कोड नव्याने लिहिला, त्या दोन ओळींच्या जुन्या उलट्या क्रमासकट. मग सरांनी तो पेटीत भरायला लावला आणि नामदेवरावांना पेडल पुन्हा दाबायला सांगितले. पडद्यावरची बस रेषा ओलांडून गेली. खोलीत कोणी पेढ्याला हात लावला नाही.

शलाकाच्या डोळ्यांत पाणी आले. चारचौघांत आपली अशी शोभा का करावी, हे तिला कळेना. व्यवस्थापक चांगलेच वैतागले. त्यांचे म्हणणे साधे होते: दुरुस्त केलेल्या कोडची प्रत शलाकाकडे आहे, ती पुन्हा भरावी, शुक्रवार पार पाडावा, आणि मॉडेलमध्ये बदल सावकाश करावा. तारीख चुकली तर वरच्यांना काय तोंड दाखवायचे? सर म्हणाले की हरकत नाही, खुशाल भरा. सही मात्र शलाकाने स्वतः मागितली तरच करीन.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. ती मागणारच होती. एवढ्यात नामदेवराव टोपी हातात घेऊन तिच्याजवळ आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“म्याडम, माझ्या हातनं काय बिघडलं का?” त्यांनी विचारले. “मला त्यातलं काय कळत न्हाई. सरांनी सांगितलं म्हणून दाबलं.”

शलाका त्यांच्याकडे बघतच राहिली. या माणसाने काहीही चूक केली नव्हती. जे बटण दाबायचे असते तेच त्याने दाबले होते, आणि ब्रेक गेला होता. शुक्रवारी हाच माणूस तिच्या भरवशावर ओल्या उतारावरून येणार होता. तिला एकाएकी स्वतःची फार लाज वाटली.

“तुमच्या हातून नाही बिघडलं, नामदेवराव,” ती म्हणाली. मग सरांकडे वळली. “सर, आज सही नको.”

तेव्हा कुठे सरांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

“चूक तू शोधलीस. ती दुसऱ्या कोणाला सापडली नसती, हे मी सगळ्यांसमोर सांगतो,” ते म्हणाले. “पण सुधारलीस कुठे? आडातलं पाणी मचूळ, आणि तू साखर घातलीस पोहऱ्यात. हा पोहरा गोड लागला, खरं आहे. पण पोहरा रोज आडात सोडायचा असतो. सहा महिन्यांनी कोणीतरी हॉर्नची चौकट बदलेल आणि हेच बटण दाबेल. शिकवलंय तेच तो करेल, त्याचं काही चुकणार नाही. तुझ्या दोन ओळी निघून जातील आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. त्या दिवशी बसमध्ये वाळूच्या गोण्या नसतील.”

शलाका हळूच म्हणाली की मॉडेलमध्येही ती नंतर करणारच होती.

“पाणी गोड लागल्यावर आडाकडे कोण जातं, बाई?” सर म्हणाले. “मीही गेलो नव्हतो, एकदा. ब्रेकची वेळ टळली की टळली. चाचणीची तारीख काय, आपणच ठरवली होती, आपणच पुढे ढकलू.”

त्यांनी स्वतः वर फोन लावला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, आणि तो आवाज आदराचा नव्हता. सर ‘हो, माझ्यामुळेच’ असे तीनदा म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्या त्या ‘एकदा’मध्ये काय घडले होते हे विचारायचे धाडस शलाकाला झाले नाही. ते त्यांनी कधी सांगितलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मॉडेल उघडले. दोन चौकटींचा क्रम बदलला आणि शेजारी, कोणालाही वाचता येईल अशा शब्दांत, का बदलला ते लिहून ठेवले. आकृतीची तपासणी सुरू झाली तेव्हा तसाच उलटा क्रम मागच्या चाकांच्या चौकटींमध्येही निघाला. कोडमध्ये तो तिच्या नजरेतून सुटला होता. तोही तिने नीट केला. आठ दिवसांचे दहा दिवस झाले. व्यवस्थापक त्या दहा दिवसांत तिच्याशी कामापुरतेच बोलले.

चाचणीच्या सकाळी बसमध्ये कोड भरण्यापूर्वी शलाकाने नामदेवरावांना खोलीत बोलावले आणि तेच बटण दाखवले. नामदेवराव दोन पावले मागे सरले. मागच्या खेपेची आठवण त्यांना पुरेशी होती.

“तुम्हीच दाबायचं,” ती म्हणाली. “तुम्ही दाबल्याशिवाय गाडी बाहेर जाणार नाही.”

नामदेवरावांनी देवाचे नाव घेऊन बटण दाबले. कोड नव्याने तयार झाला, पेटीत गेला, आणि तासाभराने बस भरलेल्या बॅटरीनिशी ओल्या उतारावरून ताशी साठच्या वेगाने खाली आली. शलाका रेषेपाशी उभी होती. सर बाजूला एका खुर्चीत बसून होते. आज त्यांच्या हातात शेंगा नव्हत्या. नामदेवरावांनी ब्रेक दाबला. चाके किंचित कुरकुरली, गोण्या पुढे झुकल्या, आणि बस रेषेच्या दोन हात अलीकडे उभी राहिली.

नामदेवराव खाली उतरले. त्यांनी रेषा आणि चाक यांतले अंतर पावलांनी मोजले, मग टोपी सारखी केली.

“मग आता ते बटण कुणी दाबलं तरी चालंल म्हणा की,” ते म्हणाले.

“कुणीही,” शलाका म्हणाली, आणि सहीचा कागद घेऊन सरांकडे गेली.

आपणही दिवसाकाठी पुष्कळ पोहऱ्यांत साखर घालत असतो. पाणी गोड लागले की एकदा आडात डोकावून यावे.