शेजारचा तारा

"तांबोळी सरांनी म्हणे त्या सुयोगचा ग्रह..."

एवढंच ऐकू आलं. पुढचं भंगारवाल्याच्या भोंग्यात गेलं, आणि बोलणाऱ्या दोघी पिशव्या सावरत भाजीच्या गाडीकडे निघून गेल्या.

ग्रहाचं केलं काय सरांनी? ते कळेपर्यंत मला कुठलं चैन पडायला. सरांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. त्यांच्याकडचा शिरखुर्म्याचा डबा धुऊन ठेवलेला होताच. तो उचलला आणि गेले.

सर अंगणात जास्वंद छाटत होते. समोर सुयोग खराडे उभा. सरांचा जुना विद्यार्थी, आता इथेच बार्शीत कॉलेजात तासिकेवर शिकवतो. संध्याकाळ झाली की सरांच्या गच्चीवर, सरांच्याच दुर्बिणीला डोळा लावून बसतो. त्याच्यापायी आमच्या जिन्याचा दिवा बंद ठेवावा लागतो, आणि आमचे हे रोज शेवटची पायरी चुकतात.

"सर, अजून किती वेळा बघू?"

"परत एकदा."

"आठ महिने हेच ऐकतोय."

"मी पण आठ महिने हेच सांगतोय."

दोघंही वैतागलेले. मी डबा हातात धरून उभीच.

हळूहळू कळलं ते असं. येत्या सोमवारी सुयोगची पुण्याला मुलाखत होती. संशोधनासाठी एका मोठ्या संस्थेत घेणार होते. वयामुळे ही शेवटचीच संधी. नावावर नवा शोधलेला ग्रह असला तर घेतील, नाहीतर जन्मभर तासिका. पण दुर्बीण सरांची, शिकवलेलं सरांचं. सर हो म्हणाल्याशिवाय तो तिथे तोंड उघडणार नव्हता. आणि ग्रह आहे म्हणून सांगितलं नि पुढे खोटं निघालं, तर त्या दारात त्याला पुन्हा कोण उभं करणार?

मी विचारलं, दिसतो कसा रे तो ग्रह?

दिसत नाही, काकू, असं तो लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला. तारा तेवढा दिसतो. ग्रह त्याच्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड कणभर कमी होतो, दिव्यासमोरून चिलट गेल्यासारखा. धुरळ्यानंही उजेड कमी होतो, म्हणून शेजारच्या ताऱ्याशी ताडून बघायचं. दोघंही मंदावले तर धुरळा. आपलाच मंदावला, शेजारी होता तसाच राहिला, तर ग्रह. आणि सुयोगचा तारा ठरल्या दिवसांनी मंदावत होता. पुनःपुन्हा.

"शेजारी किती घेतलेस?" सरांनी विचारलं.

"एकच. बाकीचे फार मिणमिणते आहेत, सर. हा चांगला ठळक आहे."

सरांनी कात्री कुंडीत खुपसली.

"कुमुदताई, जरा इकडे या. माझ्या बाजूला."

मी गेले.

"सुयोग, यांच्यापेक्षा मी किती उंच?"

"असाल वीतभर."

"कुमुदताई, त्या पायरीवर चढा."

मी डब्यासकट चढले.

"आता?"

"आता काकू उंच."

"म्हणजे मी खुजा झालो."

"चेष्टा पुरे, सर. काकू पायरीवर चढल्यात."

"कशावरून?"

"पायरी दिसतेय ना समोर."

सरांनी मान वर केली. भर दुपारचं कोरडं आभाळ.

"आणि तिथं?"

सुयोग लालबुंद झाला. तुम्हाला माझा ग्रह नकोच आहे, असं काहीतरी बोलला आणि फाटक आदळून गेला.

मला राहवलं नाही. सरांना म्हटलं, अहो, पोराचं नशीब टांगलंय, सरळ सांगायचं होतं की काय चुकलं ते.

"चुकलंय हे मला कुठं माहीत आहे?" सर म्हणाले आणि पुन्हा कात्री चालवायला लागले. मी पायरीवरून उतरायचं का, तेही कुणी सांगेना.

रविवारी दुपारी सुयोग परत आला. दाढी वाढलेली. मी आधीच तिथे होते. सरांना थोडी मेथी हवी असेल असं मला वाटलं होतं.

दुर्बिणीतून कॅमेऱ्यानं काढलेली जुनी सगळी चित्रं त्यानं पुन्हा लावून पाहिली होती, या वेळी त्या मिणमिणत्या ताऱ्यांची मोट बांधून. तो ठळक शेजारीच लबाड निघाला. ठरल्या दिवसांनी तो थोडा उजळायचा, मग पहिल्यासारखा व्हायचा. तो चढला की आपला उतरल्यासारखा दिसायचा. आठ महिन्यांचं मंदावणं त्याच्या उजळण्यातच निघून गेलं.

एक सोडून. एका वेळचं मंदावणं मात्र कुठल्याही शेजाऱ्याशी ताडलं तरी जाईना. पण एकदा मंदावला म्हणजे ग्रह होत नाही, तो पुन्हा यावा लागतो. कधी येईल ते सुयोगला सांगता येईना, सरांनाही नाही.

भाजीच्या गाडीकडे गेलेल्या त्या दोघींना मी सकाळीच गाठून वाक्य पुरं करून घेतलं होतं. सरांनी म्हणे सुयोगचा ग्रह बुडवला, जळतात ते त्याच्यावर. आता मला उत्तर मिळालं होतं. बुडाला खरा, पण पुरता नाही. आणि जळण्याचं म्हणाल, तर सुयोग बोलत असताना सरांचा चहा तसाच गार झाला होता, त्यावर साय धरली होती. जळणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. पण अर्धं खरं ऐकायला त्या दोघी काही थांबणार नाहीत.

सुयोग खाली बसला. आवाजात राग होता, पण कुणावर ते त्यालाच ठरवता येत नसावं.

"उद्या ते विचारणार, ग्रह सापडला का. मी काय सांगू, सर? आहे म्हणू की नाही म्हणू?"

सरांनी सायीचा चहा बाजूला सारला.

मग म्हणाले, "जे गेलं ते आधी सांग. एक राहिलंय, त्याचं त्यांना विचारू दे."