सोनेरी टिकली

वायर न लावता मोबाईल चार्ज करायची सोय नवीनच आली होती, तेव्हाची ही गोष्ट. सुलभाकाकूंच्या टेबलावर एक काळी चकती आली. मोबाईल नुसता तिच्यावर ठेवला की त्याचं पोट भरायचं.

टेबलावरची जुनी वायर मात्र मोबाईलच्या कानाशी लागली. "डोळ्यांना न दिसणारं काहीतरी सोडते ती. आतून भाजून काढेल तुला!"

मोबाईलला धडकी भरली. चकती शांतपणे म्हणाली, "आपल्या दोघांच्या मध्ये धातूचं काही येऊ देऊ नकोस. एवढंच सांभाळ." पण तिच्याकडे लक्ष कोण देणार?

सुलभाकाकूंनीही बाहेर असंच काहीबाही ऐकलं होतं. किरणं अडवते म्हणून त्यांनी बाजारातून पत्र्याची सोनेरी टिकली आणली आणि मोबाईलच्या पाठीला चिकटवली.

"आता मी आहे ना," टिकली ऐटीत म्हणाली. मोबाईल निर्धास्तपणे चकतीवर आडवा झाला.

थोड्याच वेळात त्याची पाठ पोळू लागली. "अगं, तू तापतेयस!" तो कळवळला.

"मी? छे! ती चकतीच भाजतेय तुला. मी तर तुला वाचवतेय."

"टिकली काढा!" चकती ओरडली. "काकू, आधी ती टिकली काढा!"

जळका वास आला तशा काकू धावत आल्या. त्यांनी मोबाईल उचलला आणि टिकलीचा चटका त्यांच्या बोटाला बसला.

"बाई गं! टिकली होती म्हणून वाचला, नाहीतर जळूनच गेला असता!" असं म्हणत त्यांनी चकती कचऱ्यात टाकली आणि पोळलेल्या बोटानेच टिकली आणखी घट्ट दाबली.