बहिर्जीरावांचं सागवानी दार

जहागीरदार बहिर्जीरावांचं सागवानी दार इतकं पिवळंधमक होतं म्हणे, की त्याच्या उजेडात सुया ओवता यायच्या. रखमाजी सुतारानं त्याला जवसाच्या तेलाचे अकरा हात दिले होते. तरी जहागीरदारांनी बजावलं, "वर्षात लाकूड काळवंडलं, तर तुझा अंगठा तोडीन."

त्याच साली दुष्काळ पडला. वर्ष सरताच शिपायांनी रखमाजीला धरून आणलं. दार काळंकुट्ट झालं होतं. शिपायानं कोयता काढला.

रखमाजीनं दाराकडं बोट दाखवलं. तो बोलला, "सरकार, तेल सगळीकडं सारखंच लावलंय. दार वरच्या टोकाला पिवळं आहे, आतूनही पिवळं आहे. काळं झालंय ते बाहेरून, माणसाचा हात पोचतो तिथवर. दाणे मागायला आलेल्यांनी वर्षभर ठोठावलंय. खालचे डाग त्यांच्या पोरांचे."

 जहागीरदार म्हणाले, "रंधा मारून काढ ते."

"काढतो की. पण आधी आतली कडी काढा, नाहीतर पुन्हा काळं होईल."

अंगठा वाचला. कडी मात्र कुणी काढली नाही. तरीही दार पुन्हा काळं झालं नाही. ठोठावायला गावात कुणी उरलंच नव्हतं.