वल्ही उचलल्यावर

एकदा एका विद्यापीठात हेमांगी नावाची विद्यार्थिनी स्थापत्य शिकत होती. तो तिचा मुख्य विषय. जोडीला पर्यावरणशास्त्र हा गौण विषय होता आणि तो एक वृद्ध प्राध्यापक शिकवीत. गावाबाहेरच्या तलावाकाठी रस्ता व्हायचा होता. त्यासाठी नगरपालिकेने तिचाच आराखडा निवडल्यामुळे ती हरखून गेली होती.

एके दिवशी ती प्राध्यापकांना म्हणाली, "सर, तुमचा विषय सोडावा म्हणते. मुख्य कामालाच वेळ पुरत नाही."

"खुशाल सोड. पण त्याआधी उद्या पहाटे तलावावर ये."

पहाटे तलावावर दाट धुके उतरले होते. पाणी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते, काही उमगत नव्हते. प्राध्यापकांनी नाव वल्हवत मध्यावर नेली आणि एकाएकी वल्ही उचलून आत ठेवली.

"सर, का थांबलात?"

उत्तराची वाट पाहत हेमांगी आधी चुळबुळली, मग तीही त्या शुभ्र शांततेत विरघळत गेली. बऱ्याच वेळाने तिच्या ध्यानात आले, की कमळाचे देठ नावेला हलकेच घासून मागे जात आहेत.

"वारा तर नाही. मग आपण सरकतोय कसे?"

नाव आपल्या चालीने लव्हाळ्यांपाशी आली. धुके विरळ झाले. तिथल्या अरुंद वाटेने तलावाचे पाणी मुकाट्याने भातखाचरांकडे निघाले होते. कमळाच्या पानांवरून एक कमळपक्षी आपली इवलीशी पिले घेऊन चालला होता. आणि दोन्ही बाजूंना रोवलेल्या होत्या रस्त्याच्या आखणीसाठी हेमांगीनेच ठोकलेल्या खुंट्या.

तिने एका खुंटीकडे बोट दाखवले. "इथे भराव पडणार आहे, सर. उन्हाळ्यात मोजमाप घेतलं, तेव्हा ही जागा कोरडी होती."

"मोजमाप तुझं बरोबरच आहे. मुख्य विषय आपल्याला ठरल्या ठिकाणी पोहोचायला शिकवतो. आज मी वल्हवत राहिलो असतो, तर आपण समोरच्या काठाला लागलो असतो. हे पाणी कुठे निघालंय ते कळलं नसतं. माझा विषय एवढंच सांगतो, की घटकाभर हात थांबवावा आणि आपल्याआधी इथून कोण जात होतं ते पाहावं."

"मग रस्ता करूच नको?"

"कर की! माणसांना रस्ता हवाच. पाण्यालाही हवा."

तिने दोन्ही बाजूंच्या खुंट्यांमधले अंतर नजरेने मापले आणि म्हणाली, "आराखडा आजच मागे घेते. खांबांवरून रस्ता नेता येईल. पण काम कदाचित दुसऱ्याला जाईल."

"जाईलही," ते म्हणाले. त्यांनी खोटा धीर दिला नाही.

एक पिलू पानावरून घसरले आणि धडपडत पुन्हा वर चढले.

"त्यांची आई भारी धीराची दिसते."

"बाप आहे तो. यांच्यात पिलं बापच सांभाळतो."

"अन् उडायला कधी लागतात?"

"पावसाळा सरता सरता. तोवर येत राहा."

हेमांगीने मान हलवली. हे परीक्षेला आहे का, असे तिने विचारले नाही.